लसूणघास उपटायच्या आधी एवढं वाचा

दूध उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द बदलतात, मजकूर तोच: ‘सुपर नेपियरमध्ये 18 टक्के प्रथिनं आहेत, त्यामुळे लसूणघास, बरसीम, चवळी असल्या द्विदल चाऱ्याची गरज उरली नाही. लसूणघासाने जनावर फुगून मरतं, दुधाची फॅट पडते, पाणी जास्त लागतं. मुळांच्या गाठी जमिनीला नत्र देतात हे पुस्तकी बोलणं, त्यापेक्षा युरिया टाका.’ पुष्कळदा त्याखाली नेपियरच्या बेण्याचा, म्हणजे लावणीच्या कांड्यांचा, दरही असतो.

नेपियरशी माझं वैर नाही. वर्षभर हिरवी वैरण देणारं बहुवार्षिक गवत गोठ्याला हवंच. पण हा संदेश वाचून लोक चांगला लागलेला घासाचा वाफा मोडतात आणि पुढच्या महिन्यात पेंडेची पोती वाढवतात, हे बघून गप्प बसवत नाही.

आधी त्या 18 टक्क्यांचं. चाऱ्यातली प्रथिनं प्रयोगशाळेत थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. भरपूर युरिया दिलेलं कोवळं गवत तपासलं की आकडा चढतो, पण त्यातलं सगळं नत्र प्रथिनांचं नसतं. दुसरी गोष्ट वयाची. गवत कोवळं कापलं तर प्रथिनं जास्त आणि वजन कमी. जून होऊ दिलं तर वजन जास्त, प्रथिनं कमी. जाहिरातीत प्रथिनांचा आकडा कोवळ्या गवताचा असतो आणि एकरी टनांचा आकडा जून गवताचा. दोन्ही एकाच कापणीत मिळत नाहीत. आपल्याकडे पन्नास-साठ दिवसांनी, डोक्याच्या वर गेलेलं नेपियर कापतात, तेव्हा कोरड्या वजनावर 8 ते 10 टक्के प्रथिनं धरावीत. लसूणघासात वेळेवर कापणी केली तर ती 18 ते 20 टक्के असतात.

आता गव्हाणीतला हिशोब करा. 10 किलो हिरव्या लसूणघासात साधारण 2 किलो कोरडा भाग आणि त्यात सुमारे 400 ग्रॅम प्रथिनं. 10 किलो नेपियरमध्ये तेच दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. ही तूट सरकी पेंडेने भरायची म्हटली तर रोज गाईमागे किलोभर पेंड जास्त लागते. घास मोडला की पैसे कुठून जातात ते इथे दिसतं.

प्रथिनांइतकाच कॅल्शियमचा मुद्दा आहे, आणि त्याबद्दल तो संदेश चकार शब्द काढत नाही. नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असतं, कोवळ्या फुटव्यात जास्त. ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि जनावराला मिळू देत नाही. नुसत्या नेपियरवर असलेल्या दुभत्या गाईला म्हणूनच खनिज मिश्रण चुकवून चालत नाही. लसूणघासात कॅल्शियम भरपूर. मात्र एक पथ्य पाळायचं: गाभण गाईला विण्याआधीचे तीन आठवडे घास अगदी कमी करायचा. त्या काळात कॅल्शियम फार मिळालं तर विल्यावर हाडांतून कॅल्शियम ओढून घेण्याची तिची सवय मंदावते आणि दुग्धज्वराचा, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय आडवी पडण्याचा, धोका वाढतो. विल्यानंतर पुन्हा हळूहळू चालू करायचा.

‘घासाने जनावर फुगतं.’ यात तथ्य आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. कोवळ्या घासाच्या पानांतली विरघळणारी प्रथिनं कोठीपोटात, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, फेस करतात, वायू त्या फेसात अडकतो, ढेकर येत नाही. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) वर येते, बोटाने वाजवली की ढोलासारखा आवाज येतो, जनावर पाय आपटतं. वेळेत लक्ष दिलं नाही तर ते दगावतं. पण हे घडतं कधी? उपाशी जनावराला सकाळी दवाने ओला, फुलोऱ्याआधीचा घास पोटभर घातला तेव्हा. बांधावर सुटलेली गाय घासाच्या वाफ्यात शिरली तेव्हा. घास दहा टक्के फुलोऱ्यावर कापा, दोन-चार तास सुकवा, आधी कडबा खाऊ द्या, मग कुट्टीत मिसळून घाला आणि आठवडाभरात थोडा थोडा वाढवत न्या. एवढं सांभाळणाऱ्या गोठ्यात पोटफुगी क्वचितच होते. झालीच तर गोडेतेल पाजल्याने फेस मोडतो, पण नळीने घाईघाईत तेल ओतू नका, तेल फुप्फुसात जातं. डॉक्टरांना फोन आधी करा. कोवळ्या ज्वारीनेही जनावरं दगावतात, म्हणून कुणी कडवळ पेरायचं सोडलं नाही.

फॅटचं उत्तर छोटं आहे. दुधातली फॅट बरीचशी तंतुमय चाऱ्यापासून बनते. नुसता हिरवा लुसलुशीत चारा घातला आणि कडबा बंद केला तर फॅट पडणारच, मग तो घास असो की कोवळं नेपियर. हिरव्या वैरणीत दोन वाटे गवत, एक वाटा द्विदल आणि जोडीला वाळली वैरण, हे प्रमाण ठेवा.

पाण्याबद्दल संदेश अर्धा खरा आहे. उन्हाळ्यात लसूणघासाला आठवड्याच्या आतबाहेर पाणी द्यावं लागतं. पण भरपूर टनेज हवं असेल तर नेपियरलाही उन्हाळ्यात पाणी तोडता येत नाही. ज्यांच्याकडे पाणीच नाही त्यांच्यासाठी द्विदलातच जास्त पर्याय आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. खरिपात मक्यात चवळी घ्या, पावसावर दोन महिन्यांत कापणीला येते. हलक्या माळावर स्टायलो हा द्विदल चारा, बांधावर दशरथ घास, शेवरी, सुबाभूळ. मिरजेकडच्या पानमळ्यांत शेवरी वेलीला आधार देते आणि तिचा पाला शेळ्यांना जातो. मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला 1967 साली सुरू केलेल्या बायफ या संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला, तो कोरडवाहू शेतकऱ्याकडे पाहूनच. सुबाभळीत मिमोसिन असतं, फार खाल्लं तर केस गळतात. म्हणून ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवायची. घोड्याला तर नकोच.

राहिला नत्राचा मुद्दा. घासाचं एक झाड मुळासकट हलक्या हाताने काढा, माती धुवा. बारीक मुळांवर लांबट छोट्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर ती हवेतलं नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. चांगला घास वर्षाला हेक्टरी 150 किलो किंवा त्याहून जास्त नत्र बांधतो, म्हणजे एकरी साधारण तीन गोण्या युरियाइतकं. हे सगळं जमिनीत राहतं असं मात्र मी म्हणणार नाही. कापलेल्या चाऱ्याबरोबर त्यातलं बरंच गोठ्यात जातं आणि शेण-मूत्र रानात परत आलं तरच वर्तुळ पुरं होतं. तरी स्वतःच्या पिकाला युरिया जवळजवळ न मागता ते प्रथिनं देतं आणि तीन वर्षांनी वाफा मोडला की मुळांचा साठा पुढच्या पिकाला मिळतो. युरियाच्या गोणीतून गाईला चारा मिळत नाही.

गाठी पांढऱ्या निघाल्या तर दोष बहुतेक वेळा पेरणीतला असतो. घासाला त्याचंच रायझोबियम, म्हणजे गाठींत नत्र बांधणारे जिवाणू, लागतं, सोयाबीनचं उरलेलं पाकीट चालत नाही. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, वाण राहुरी कृषी विद्यापीठाचं आरएल-88 किंवा आनंद-2 घ्या, आणि बियाण्यात अमरवेल या परजीवी तणाचं बी नाही याची खात्री केल्याशिवाय पोतं उचलू नका.