चिनी मातीची मोड कुणी घेत नाही

गेल्या रविवारी जुन्या बाजारातून एक कप आणला. बशीशिवाय, एकटाच. वीस रुपयांना. पांढरा, जाड, ओठाच्या खाली हिरवी रेघ, कान शाबूत. उलटा करून पाहिला तर बुडावर लाल ऑइल पेंटने, बारीक ब्रशने लिहिलेलं : खो. १४.

मी तिथेच उकिडवी बसून तो कप दोन मिनिटं नुसता हातात धरून होते. खोली नंबर चौदा. चाळीत बारसं असो, हळदीकुंकू असो, मुलगी बघायला पाहुणे येवोत, एका घरात एवढे कप कुठून असणार? मजल्यावरच्या सगळ्यांचे कप गोळा व्हायचे, आणि परत देताना अदलाबदल नको म्हणून प्रत्येकाची खूण. स्टीलच्या भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घालून मिळतं, चिनी मातीवर तसं घालता येत नाही. म्हणून मग कुणीतरी दार-खिडक्या रंगवताना उरलेल्या रंगात ब्रश बुडवला असणार. चाळ कुठली, गाव कुठलं, काही कळायला मार्ग नाही. पण चौदा नंबरच्या बाईला आपले कप आपल्याकडेच परत यायला हवे होते, एवढं नक्की.

मी गेली अकरा वर्षं जुन्या कपबश्या, बरण्या, ताटल्या गोळा करते आहे. पुण्याच्या मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार हे माझं मुख्य ठिकाण. मुंबईला गेले की चोर बाजारात मटण स्ट्रीटला एक चक्कर. लोक विचारतात, नवं एवढं छान मिळत असताना दुसऱ्यांचं वापरलेलं कशाला? त्याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं, आणि ते एका भांडीवाल्याने दिलं. आईची पितळी भांडी मोडीत द्यायला गेले होते, पिशवीत चार बश्याही होत्या. त्याने पितळ तागडीत टाकलं आणि बश्या बाजूला सारल्या. "ताई, याची मोड कुणी घेत नाही."

खरंच आहे की. पितळ वितळतं, तांबं वितळतं, स्टीलसुद्धा किलोवर जातं. चिनी माती एकदा भट्टीतून निघाली की पुन्हा माती होत नाही. कपाला दोनच रस्ते असतात. कुणीतरी त्यातून चहा पितं, नाहीतर तो उकिरड्यावर फुटतो. घरातली पन्नास वर्षांपूर्वीची कपबशी आज शिल्लक असेल, तर ती कुणीतरी रोज जपून विसळली म्हणूनच. म्हणून तर मला त्या बाजारात पोत्यावर मांडलेला एकटा कप ओलांडून पुढे जाता येत नाही.

आता बूड बघण्याविषयी. जुनी वस्तू हातात आली की आधी ती उलटी करा. अमेरिकेने १८९० साली कायदा केला, की बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशाचा ते लिहिलेलं हवं. तेव्हापासून जगभरच्या कपांच्या बुडावर देशांची नावं दिसू लागली. जपानी मालावर आधी 'निप्पॉन', म्हणजे जपानचंच जपानी नाव असायचं, १९२१ नंतर 'जपान' आलं. माझ्याकडे एक इवलासा कप आहे, अंड्याच्या टरफलाइतका पातळ, त्यावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं आहे. म्हणजे युद्ध हरलेला, परक्या सैन्याच्या ताब्यात असलेला देश १९४७ ते १९५२ या काळात आपल्या कपांवर ते लिहून विकत होता. बाहेरून नाजूक गुलाबाची फुलं, आणि बुडाला हे. मी तो कप दर वेळी उलटा करते आणि दर वेळी मला काहीतरी होतं.

आपल्याकडचे शिक्केही ओळखायला शिका. कोलकात्याची बेंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, आणि सौराष्ट्रातल्या थानगढची परशुराम पॉटरी, जी गणपुले नावाच्या मराठी माणसाने उभी केली. हे शिक्के दिसले की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. इंग्लंडच्या मालाला लोक हजारो मोजतात आणि ग्वाल्हेरची बशी तशीच धूळ खात पडते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निळ्या-पांढऱ्या विलो नक्षीची एक मोठी ताटली माझ्याकडे आहे. पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पाखरं. ती नक्षी चिनी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कारखान्यांनी चिनी मालाची नक्कल करता करता ती घडवली, आणि तिच्याबरोबर सांगितली जाणारी पळून गेलेल्या प्रेमिकांची गोष्ट मागाहून माल खपावा म्हणून चिकटवली. पण मला त्या गोष्टीपेक्षा ताटलीवरचे सुरीचे ओरखडे जास्त आवडतात. मधोमध, एकाच दिशेने. कुणीतरी उजव्या हाताने वर्षानुवर्षं तिच्यावर पाव कापला आहे.

खरेदी करताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. कप तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. चांगला असेल तर घंटीसारखा वाजतो, तडा असेल तर बद्द. बशीच्या बुडाचं कडं पाहा, खरंच वापरलेली असेल तर तिथे बारीक करडे ओरखडे असतात. ते नसतील आणि वरून मात्र तपकिरी डाग असतील, तर ते डाग मुद्दाम पाडलेले असू शकतात. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून आतून रंगवलेल्या भांड्यात लोणचं, दही, लिंबाचं काही ठेवू नका. चहाचे डाग ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन निघतात. घासणी लावू नका, सोनेरी कड तर लगेच जाते. बोन चायनात हाडांची राख असते, जवळजवळ निम्मी. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं, त्यात संकोच कसला.

आणि हो, घासाघीस जरा कमी करा. पहाटे पोतं खांद्यावर टाकून आलेल्या माणसाकडून वीसचे पंधरा करून आपण काय मिळवतो?

एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे. या कपांचा सगळाच इतिहास गोड नाही. १८९० साली पुण्यात ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले अशी मंडळी गेली, पुढे चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून शहरात ग्रामण्य, म्हणजे धर्म बुडवल्याचा, वाळीत टाकण्याचा वाद उभा राहिला. कित्येकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका चहापायी! ते मोठ्या लोकांचं झालं. घराघरांत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. कान तुटलेला, टवका उडालेला एक कप मोरीच्या वरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, आणि तो कुणासाठी हे सांगावं लागत नसे. माझ्या आजोळीही होता. मी लहान असताना तो कप उचलून खेळायला घेतला तर आजीने हातावर फटका मारला होता. त्या कोनाड्यातला कप मला आजही दिसतो. कपांवर प्रेम करणाऱ्या माणसाने ते विसरून कसं चालेल? माझ्या घरी कामाला येणाऱ्या मावशी आणि मी सकाळी एकत्र चहा पितो, आणि कप त्या निवडतात. त्यांना निळी फुलं आवडतात.

म्हणूनच शोकेस मला पटत नाही. काचेआड बारा कप, बारा बश्या, आणि घरातली माणसं स्टीलच्या पेल्यातून पिताहेत! सेट पूर्ण पाहिजे हा हट्ट सोडा. माझ्याकडे कुठल्याच दोन गोष्टी जुळत नाहीत. पाहुणे आले की प्रत्येकाच्या हातात वेगळा कप जातो, आणि चहा निवेपर्यंत जो तो आपापला कप उलटा करून शिक्का वाचत बसतो. गेल्या वर्षी भाच्याच्या हातून ग्वाल्हेरचा एक फुटला. पोर रडवेलं झालं. मी त्याला जवळ घेतलं, कारण तो कप चहा देता देता गेला, आणि कपाला याहून चांगलं मरण मला माहीत नाही.

चौदा नंबरचा कप सध्या एका जपानी बशीवर ठेवते आहे. बशी थोडी मोठी पडते, कप मधोमध राहत नाही, सरकतो. तुमच्या माळ्यावर, आईच्या फडताळात, पांढऱ्या, हिरव्या रेघेच्या, बुडाला लाल रंगाने नंबर घातलेल्या बश्या असतील तर मला जरूर कळवा. नंबर कुठलाही चालेल. एकाच मजल्यावरच्या निघाल्या तर फारच आनंद होईल.