पप्याचा लॅपटॉप आणि बाळूदाची चाट

पप्याचा लॅपटॉप गेला हे एव्हाना पेठेतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे, तेव्हा त्यात शिरत नाही. गणपती १२ दिवसांवर, एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरचा नवा क्रॅक (म्हणजे कुलूप फोडलेली चोरीची प्रत), अँटीव्हायरस बंद (तसं त्या व्हिडिओतच सांगितलं होतं म्हणे), आणि सकाळी सगळ्या फायलींना कुलूप.

आण्णाच्या टपरीवर सम्या मोबाईल काढून तयारच होता. सम्या हिंजवडीचा, म्हणजे पगारापुरता. एरवी सांगलीतच ‘कॉल’वर असतो.

“कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर कमीत कमी ७ दिवस आत, दंड ५० हजार ते २ लाख.” पुढची ओळ त्यानं गिळली. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट तुरुंगवास टाळू शकतं, ती.

बाळूदा मोबाईलात डोकावून म्हणाला, “ती ओळ पप्याला कुठं लागू पडतीया? मिरवणुकीची सुपारी घेतोय की तो.”

पप्या उसळला. “एफएलची कंपनी बेल्जियमची, मी सांगलीचा. त्यांचं काय वाकडं झालं? एवढा मोठा रॅपर कान्ये वेस्ट, त्यानं २०१६ ला स्वतःच ट्विटरवर स्क्रीनशॉट टाकलावता. वर टॅबमध्ये सिरमचा टोरंट! १८९ डॉलरचा सिंथ, आवाज बनवायचं सॉफ्टवेअर, आणि माणूस केवढा!”

“टाकलावता. आणि डेडमाउस या डीजेनं त्याची जगासमोर काढली, ते इसरलास,” सम्या.

“म्हंजे कान्येच्या पंगतीतला तू,” बाळूदा म्हणाला. “मग आण्णाची उधारी का रं ऱ्हातीया?”

सम्यानं मग रीपर या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं कीर्तन लावलं. ६० डॉलरचं लायसन, ६० दिवस फुकट, नंतरही उघडतंच, फक्त आठवण करत राहतं. एफएलचा डेमोसुद्धा पैसे न देता सगळं करू देतो; फक्त सेव्ह केलेलं गाणं परत उघडत नाही. एकदा विकत घेतलं की अपडेट जन्मभर फुकट. सम्या हे सगळं असं सांगतो की विकत घ्यायचं असलं तरी माणूस घेणार नाही.

“कॉलेजात माझ्याकडं हेडफोनला पैसं नव्हतं,” पप्या पडेल आवाजात म्हणाला. “क्रॅक नसता तर मी आज मोबाईलचं कव्हर विकत बसलो असतो.”

हे खरं आहे. तेव्हा कीजेन (खोटी लायसन-की काढून देणारा प्रोग्राम) उघडलं की टिंगटिंग वाजणारं ते संगीत आम्ही त्याच्या खोलीत टाळ्या पिटून ऐकायचो. त्या पापात मीही आहे.

बाळूदानं चहा खाली ठेवला. “शिकताना उचललंस त्येला माझी ना नाही. मीबी देवळातली ढोलकी उचलून न्यायचो. पण रात्री परत ठेवायचो. तुझी रात्र झालीच नाही अजून.”

कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, “आणि गेल्या वर्षी मिरजेच्या पोरानं तुझ्या रिमिक्समधनं ‘डीजे पप्या इन द मिक्स’ ही तुझ्या नावाची हाळी कापली, तवा आठ पोरं घेऊन गेलतास. बेल्जियमवाले किती घेऊन येतील?”

आण्णासुद्धा हसला. पप्या नाही.

“अजून सांगू? तुझ्या त्या कोळीगीतात ढोलकीचा लूप हाय न्हवं, चौथ्या मात्रेला चाटेची थाप उशिरा पडतीया?”

“हां, तोच तर फील आहे!”

“फील न्हाई, ताप. १०२ होता. एका स्टुडिओत दिवसभर वाजवून घेतलं, दोन हजार हातावर ठेवलं. आता गल्लीगल्लीत वाजतोय माझा ताप. तुला किती रुपयाला पडला?”

“टेलिग्रामवर... फुकट.”

पप्या कानापर्यंत लाल. विषय बदलायला म्हणून सम्याला म्हणाला, “तुझ्याकडं माझी जुनी झिप आहे ना रं? बघ की, दोन प्रोजेक्ट तरी वाचतील.”

सम्यानं ऐटीत लॅपटॉप उघडला. फाईलच्या आधी झिप उघडणाऱ्या विनरारची खिडकी आली: चाचणीचे ४० दिवस संपले, कृपया विकत घ्या.

“कधीपासनं संपल्यात?” बाळूदानं चष्मा सारखा केला.

“ते... इंजिनिअरिंगपासून. पण ते वेगळं—”

“७ दिवस काय, डबा मी आणतो,” पप्या ओरडला, सकाळपासून पहिल्यांदा हसत.

सम्याचा कॉल आला. कॅमेरा बंद ठेवून तो पिंपळाकडं गेला. झिपचा पासवर्ड पप्याला आठवेना.