कुत्री परत तिथंच का सोडतात? एका फॉरवर्डला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या हा मजकूर फिरतोय: 'प्राणीमित्र संस्था भटकी कुत्री उचलतात, नसबंदी करतात आणि परत आपल्याच दारात सोडतात. कुत्री संपली तर देणग्या बंद होतील ना! एवढा पुळका असेल तर सगळी निवाऱ्यात ठेवा. आणि एखादं दत्तक मागायला गेलं, तर मुलीसाठी स्थळ बघितल्यासारखी चौकशी!'

परत सोडणं ही संस्थेची मर्जी नाही. आधी 2001 चे आणि आता 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात, की निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं. 11 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं, ती बातमी घरोघरी पोचली. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून बाकीची परत सोडायला सांगितलं. हे मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवून तिथं परत न सोडण्याचा आदेश आला. तो अपवाद खरा आहे, पण तोही सरकारी यंत्रणेला दिलेला आदेश आहे.

आता 'सगळी निवाऱ्यात ठेवा'. 2024 च्या गणनेत मुंबईत 90,757 भटकी कुत्री निघाली. एका कुत्र्याचा दिवसाचा खर्च निव्वळ 40 रुपये धरा. वर्षाला 132 कोटींच्या वर जातो. जागा, डॉक्टर, झाडलोट करणारी माणसं वेगळी. मुंबईत! आणि दाटीवाटीने कोंडलेल्या कुत्र्यांत पार्व्हो, डिस्टेंपरसारखा संसर्गजन्य रोग शिरला की पिल्लं पटापट जातात.

मग मारूनच टाका, असं कमेंटमध्ये कुणीतरी म्हणतंच. मुंबईने तेही केलंय. 1832 मध्ये कुत्र्यामागे आठ आणे इनाम लागलं, कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशांनी दंगल केली. पुढेही पालिका गेल्या शतकाच्या नव्वदीपर्यंत कुत्री मारत राहिली, तरी ती संपली नाहीत. उघडा कचरा तसाच राहिला, की रिकाम्या गल्लीत बाजूची कुत्री येतात आणि वितात. उलट 2014 मध्ये मुंबईत 95,172 कुत्री होती, म्हणजे दहा वर्षांत आकडा थोडा तरी उतरला. वेग लाजिरवाणा आहे, हे मान्य. पण वेग वाढवायचा तर पालिकेला जास्त केंद्रं आणि जास्त गाड्या द्याव्या लागतील.

निर्बीजीकरण झालेलं कुत्रं चावतच नाही, असा दावा कुणी शहाणा करत नाही. चावण्यातली जीवघेणी गोष्ट रेबीज, आणि त्यावर लस चालते. शेजारच्या गोव्यात 2014 पासून संस्था आणि सरकार मिळून दारोदार, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचत आले. 2021 मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं.

दत्तकाच्या चौकशीबद्दल मला संस्थांची बाजू घ्यायला मुळीच संकोच नाही. कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. घर भाड्याचं आहे का, मालकाला चालेल का, सुट्टीत गावी गेल्यावर कोण बघेल, मोठं झाल्यावर नसबंदी कराल का, हे विचारलं नाही तर पिल्लू सहा महिन्यांत रस्त्यावर येतं. मग पुन्हा त्याच संस्थेला फोन. 'लॅब (लॅब्राडोर) आहे का?' असं विचारून देशी पिल्लू नाकारणारेही हेच फॉरवर्ड पाठवत असतात, हे जाता जाता.

देणग्यांचं काय? बोगस संस्था आहेत. म्हणूनच निर्बीजीकरणाच्या कामाला केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते आणि काढलेले अवयव मोजून शस्त्रक्रियांची पडताळणी व्हायची असते. ती मोजणी शेवटची कधी झाली, हा प्रश्न नगरसेवकाला विचारा. तुमच्या गल्लीतल्या किती कुत्र्यांच्या कानाला निर्बीजीकरणाची खूण असलेली खाच आहे, हेही मोजून ठेवा. त्या प्रश्नासोबत हा आकडा लागेल.