मालोयाला पुरस्कारांइतकीच उसाच्या तुऱ्याची गरज आहे

मालोया हा तालवाद्यांवर गायचा गाण्याचा प्रकार मेला होता आणि 2009 साली युनेस्कोच्या यादीत नाव लागल्यावर तो जिवंत झाला, ही मांडणी मला अजिबात मान्य नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर तो कायम होता. उसाच्या मळ्यांलगतच्या वस्त्यांमध्ये, घरामागच्या अंगणात, पूर्वजांसाठी रात्रभर चालणाऱ्या ‘सेर्विस’मध्ये तो गायला जायचा. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, ते थेट उजाडेपर्यंत. फक्त चारचौघांत त्याचं नाव काढायची चोरी होती.

हे गाणं मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचं. 20 डिसेंबर 1848 रोजी बेटावरची गुलामगिरी संपली, 60 हजारांवर माणसं मोकळी झाली. मग मळ्यांवर गिरमिटिया म्हणून तमिळ मजूर आले आणि त्यांचेही सूर, देव, विधी यात मिसळत गेले. 1946 मध्ये रियुनियन फ्रान्सचा रीतसर जिल्हा झाला, आणि शाळेत-कचेरीत फ्रेंच वळण लावण्याच्या काळात क्रिओल या बेटाच्या बोलीतलं, ढोलावरचं हे गाणं अडाणी ठरलं. पुढे बेटावरच्या कम्युनिस्ट पक्षाने ते जवळ केलं, तेव्हा प्रशासनाला त्यात फुटीरपणा दिसू लागला. 1959 मध्ये पक्षाच्या स्थापनेच्या वेळी उसाच्या मळ्यात राबणारे फिरमाँ विरी उघडपणे मालोया गायले. 1976 मध्ये पक्षानेच मालोयाच्या तबकड्या काढल्या. 1981 मध्ये पॅरिसमधलं सरकार बदललं आणि दडपण सैल झालं. हा सगळा इतिहास वगळून नुसती ‘बेटाची रंगीत लोककला’ दाखवणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आता माझा खरा मुद्दा. मालोया टिकेल की नाही हे वाद्यं कोण बनवतं यावर ठरणार आहे. कायांबच घ्या. आपण उसाला तुरा आला म्हणतो ना, त्याच तुऱ्याच्या दांड्यांचं हे वाद्य. लाकडी चौकटीत शेजारी-शेजारी लावलेल्या दांड्यांचे दोन थर वर-खाली बसवतात, मधल्या पोकळीत गुंजेच्या किंवा कर्दळीच्या बिया भरतात आणि कडा बंद करतात. ऐकायला सोपं आहे, बिघडतं मात्र पटकन. दांड्या ओल्या असतील तर वाळल्यावर आकसतात, फटी पडतात आणि बिया गळू लागतात. बिया जास्त झाल्या तर त्यांना धावायला जागाच उरत नाही, आवाज बसका येतो. कमी झाल्या तर नुसती तुटक खळखळ. बंद करण्याआधी हलवून, ऐकून, मूठ-मूठ कमी-जास्त करणं हाच उपाय. (गुंज विषारी असते, घरात लहान मुलं असतील तर कर्दळच वापरा.)

कायांब दोन्ही हातांत आडवं धरून डावी-उजवीकडे हलवतात. हात थांबल्यानंतर क्षणभराने बिया कडेवर आदळतात, म्हणून हात ठेक्याच्या किंचित आधी जावा लागतो. नवशिका हात नेमका ठेक्यावर नेतो आणि आवाज मागे पडतो. मालोयाचं चक्र सहा मात्रांचं. दादऱ्यावर वाढलेला कान त्यात लगेच तीन-तीनचे दोन गट पाडून बसतो, तर आतून दोन-दोनचे तीन गटही चालू असतात. ही ओढाताण हीच त्याची जान. संगणकावर कायांबचा तुकडा कापून सहाही ठोके समान अंतरावर बसवले की ती जाते, आणि आजच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत नेमकं हेच झालेलं असतं.

रुलेर हा पिपाचा ढोल. पीप आडवं टाकून वादक त्यावर बसतो, दोन्ही हातांनी वाजवतो आणि टाचेने कातडं दाबून स्वर वर-खाली करतो. दमट हवेत बैलाचं कातडं ढिलं पडतं, मग ते आगीजवळ शेकायचं. घाई केली तर तडकतं. बोब्र हे भोपळा लावलेलं धनुष्य, पिकेर म्हणजे काठ्यांनी बडवायचा बांबू.

मंचावर या वाद्यांशेजारी ड्रमसेट ठेवतात तेव्हा पहिला बळी कायांबचा जातो. त्याची सळसळ आणि झांजांचा आवाज एकाच उंच पट्टीत भिडतात, आणि ध्वनियोजक झांजाच पुढे ठेवतो. माझं म्हणणं सरळ आहे: कायांब असेल तर झांजा काढा. गिटार, बास, काय हवं ते आणा, त्याने मालोया बाटत नाही. ज्या गाण्यात मादागास्करपासून तमिळनाडूपर्यंतचं सगळं मुरलंय, त्याला सोवळं कसलं? मालोयाचे गायक दान्येल वारो स्वतः वाद्यं घडवतात आणि बहुतेक नुसत्या आवाजावर नि तालवाद्यांवर गातात. 2004 साली गेलेल्या ग्रामून लेले यांच्या गाण्यात मालागासी शब्द आणि घरच्या विधींचा वास दोन्ही होते. दोघांनी जगभर कार्यक्रम केले, पण सूर अंगणातलाच ठेवला.

बेटाच्या संगीतशाळेत आता मालोया शिकवतात, याचा मला मनापासून आनंद आहे. तरी माझी मागणी राहील की पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या हाती तयार कायांब देऊ नये. ऊस फुलतो तेव्हा त्याला मळ्यात न्यावं, दांड्या तोडायला, वाळवायला, भरायला लावाव्यात. बिया किती पुरतात हे ज्याने स्वतः ऐकून ठरवलंय, त्याला हात ठेक्याच्या आधी का न्यायचा हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही.