नझीरला मी देव्हाऱ्यात बसवलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

घोडेवाला दादा, नमस्कार.

नझीर या इजिप्तच्या गाजलेल्या अरबी घोड्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मधे चहा करून आलो, कारण पहिल्यांदा वाचून राग आला होता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी एका घोड्याला देव्हाऱ्यात बसवलं. अरब लोक वंश सांगतात तो घोडीचा, घोड्याचा नाही. पाच पिढ्यांनी पूर्वजाचं रक्त जेमतेम तीन टक्के उरतं, तेव्हा 'नझीरचा वारसा' हा विकणाऱ्यांनी मांडलेला बाजार आहे. आणि शेवटी 'खाण तशी माती हे विसरलात' असा टोलाही.

घोडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. अरबी घोड्याचं कूळ आईकडून चालतं. नझीर हदबान एन्झाही कुळीचा, कारण त्याची आई बिंत समिहा त्या कुळीची. बाप मन्सूरचं कूळ त्याच्या नावापुढे लागत नाही. त्याचा नावाजलेला मुलगा मोराफिक मात्र सक्लावी, कारण आई मब्रूका सक्लावी. बापलेकांची कुळं वेगळी! आपल्याकडे आडनाव बापाचं चालतं, त्यामुळे लिहिताना माझ्याही डोक्यात गोंधळ झाला. 'नझीरनं आपलं देखणेपण प्रत्येक लेकराला दिलं' हे माझं वाक्य तर आळसातून आलेलं आहे. मोराफिकची सख्खी बहीण अन्साता बिंत मब्रूका 1959 मध्येच अमेरिकेला गेली होती, तो स्वतः 1965 मध्ये टेक्ससला गेला. एकाच आईची ही दोन शिंगरं, म्हणजे श्रेय आईचंही. आणि मब्रूकाची आई मोनिएत एल नुफूस, जिचं नाव काढलं की इजिप्शियन अरबी पाळणारे आजही आवाज खाली आणतात. तिच्यावर मी एक ओळ लिहिली नाही, ही चूकच.

हिशेबावर मात्र माझी हरकत आहे. पाच पिढ्या मागे 32 पूर्वज असतात आणि एकाचा वाटा 3.1 टक्के येतो, हे खरं. पण वंशावळीच्या तक्त्यातल्या त्या 32 घरांत 32 वेगवेगळी नावं असतील तर! इजिप्शियन घोड्यांच्या वंशावळीत तीच नावं फिरून फिरून येतात. आठ घरांत एकच नाव आलं की वाटा 25 टक्के, म्हणजे सख्ख्या आजोबाइतका. बाजाराची हूल म्हणून हा आकडा उडवून लावता येत नाही.

हे झालं कसं, ते मूळ लेखात मी घाईत उरकलं होतं. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि वर्षाला एकच शिंगरू देते. घोडा एका हंगामात डझनावारी देतो. पण त्यासाठी कुणीतरी त्याला घोड्या द्याव्या लागतात. नझीर जन्मला 1934 मध्ये. हंगेरीच्या बाबोल्ना पैदास केंद्राचे प्रमुख राहिलेले जनरल तिबोर फॉन पेट्को-सांटनर 1949 मध्ये कैरोला आले, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तुमच्यासारख्या जाणकाराला सांगायला नको, या वयाच्या घोड्याकडे लोक 'आता किती दिवस' या नजरेनं बघतात. सांटनरनी तिथल्या अल झहरा या सरकारी पैदास केंद्रात त्यालाच मुख्य नर केलं. त्याचे मुलगे बघा: हदबान एन्झाही (इथे हे कूळ नव्हे, घोड्याचं नाव) 1952 चा, गझल 1953 चा, मोराफिक आणि अलाउद्दीन 1956 चे, अस्वान 1958 चा. 1960 मध्ये नझीर गेला. ज्या वारशावरून आपण भांडतोय तो सगळा म्हातारपणीच्या दहा वर्षांतला आहे. सांटनर आलेच नसते तर? हा प्रश्न मला रक्तातल्या 'जादू'पेक्षा जास्त खुणावतो.

पुढचं पांगणंही माणसांनीच केलं. हदबान एन्झाही आणि गझल 1955 मध्ये जर्मनीत मारबाखच्या पैदास केंद्रात गेले. तिथल्या घोड्यांचा वंश 1817 मध्ये व्युर्टेम्बर्गच्या राजानं वाइलला काढलेल्या पैदास केंद्रापर्यंत जातो, म्हणजे तिथल्या मादी घोड्यांची घराणी हे दोघे पोचण्याआधी जवळपास एकशे चाळीस वर्षं उभी होती. (इथेही तुमचाच मुद्दा, दादा!) कैसून हा आणखी एक मुलगा तर जर्मनीतल्याच डुइसबुर्गच्या प्राणिसंग्रहालयात राहिला. आणि अस्वानचं मूळ नाव राफत. अस्वानचं धरण बांधायला रशियानं मदत केली म्हणून इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी 1963 मध्ये तो रशियाला भेट दिला आणि धरणाचं नाव घोड्याला चिकटलं. कॉकेशसच्या पायथ्याशी तेर्स्कच्या रशियन पैदास केंद्रात त्याच्या मुलींना पैदाशीच्या घोड्या म्हणून फार मान मिळाला. आता गंमत बघा. मुलीत बापाचं वाय गुणसूत्र जातच नाही, ते फक्त मुलगा-नातू-पणतू अशा सरळ धारेत उतरतं. तरी नझीरची छाप तेर्स्कमध्ये मोठ्या प्रमाणात मुलींच्या वाटेनंच पसरली. नर आणि मादी अशी वाटणी करून हा प्रश्न सुटत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मीच काढतो, कारण तो माझ्या लेखावरचा सगळ्यात मोठा आक्षेप व्हायला हवा होता. 2020 मध्ये 12 देशांतल्या 378 अरबी घोड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरसकट अरबी घोडा काही आतल्या आत कोंडलेला निघाला नाही, पण निव्वळ इजिप्शियनसारख्या काही शाखांत जवळच्या नात्यांतल्या जोड्या फार आढळल्या. अशा शाखेत दबून बसलेला दोष वर येतो. इजिप्शियन घोड्यांत एक विकार आहे. शिंगरू जन्मतं ते चंदेरी-जांभळट झाक असलेल्या अंगाचं. बघणाऱ्याला वाटतं काय सुंदर! पण ते उठून उभंच राहू शकत नाही. मान मागे ताणतं, पाय ताठ मारतं, आणि थोड्या दिवसांत जातं किंवा त्याला सोडवावं लागतं. आई आणि बाप दोघांकडून तेच बिघडलेलं जनुक आलं तरच हे होतं. नझीरच्या माथी हे मारायचं कारण नाही. पण एकाच नावाच्या मागे सगळे धावले की अशी गाठ पडायची शक्यता वाढते, हे मी लिहायला हवं होतं. 2010 पासून त्याची तपासणी होते, तेव्हा वाहक घोडा ओळखून जोडी टाळता येते.

'बाजार' या शब्दाबद्दल एक आठवण. सारंगखेड्याच्या यात्रेत मी एका विकणाऱ्याला शिंगराचा बाप कोण म्हणून विचारलं. गड्यानं मोबाइलवर सात फोटो दाखवले, नाचतानाचा व्हिडिओ वेगळा. आई विचारली तर म्हणाला, 'ती काय, घरीच आहे. चांगली आहे.' तुमची प्रतिक्रिया वाचताना तोच माणूस डोळ्यांपुढे आला, आणि लाज वाटली, कारण माझा लेखही तसाच झालाय. सात फोटो नझीरचे, आणि मोनिएत एल नुफूस घरीच.

'प्रत्येक लेकराला' वालं वाक्य आज रात्री खोडतो. मब्रूका आणि तिच्या आईवर दोन परिच्छेद घालतो. टक्केवारी मात्र तशीच राहील. तिच्यावर भांडायचं असेल तर एखादी पाच पिढ्यांची वंशावळ घेऊन या, घरं मोजू.