ताटलीतलं पाणी आधी काढा

लेखात कुंडीतल्या खजुराला रोज पाणी द्या, खाली ताटली ठेवा, असं सांगितलंय. देशावर ते ठीक असेल, पण आमच्या गुहागरात जून ते सप्टेंबर असं केलंत तर झाड हातचं जाईल. माझं पहिलं रोप तसंच गेलं. श्रावणात मधला कोंब नुसता धरला तर अलगद हातात आला, बुडाशी काळा, चिकट आणि कुबट वास. ताडमाडांचं सगळं त्या एका कोंबावर असतं, तो कुजला की संपलं.

आता पावसाळाभर कुंडी पडवीच्या कडेला ठेवतो, उजेड मिळतो पण पागोळ्या पडत नाहीत. तळाला जांभ्याची खडी, मातीत निम्मी नदीची रेती. कुंडी रुंद नको, खोल हवी. बी रुजलं की मूळ आधी सरळ खाली धावतं आणि वर गवतासारखं एकच पातं दिसतं. ते गवत समजून उपटू नका! ऑक्टोबरपासून मात्र भरपूर ऊन आणि बोटभर माती सुकली की दणकून पाणी.

ताजं शेणखत कुंडीत घालू नका. माडाला छळणारा गेंड्या भुंगा शेणखतात वाढतो, आणि तो खजुरालाही सोडत नाही.

फळांची आशा लावू नये असं मला वाटतं. नर-मादी झाडं वेगळी, बियांच्या रोपात काय निघेल ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही. कच्छातसुद्धा पावसाच्या भीतीने फळं अर्धी कच्चीच उतरवतात.