"खऱ्या लढाईत रेफरी नसतो" हे मान्य, पण मग टुर्नामेंट कशाला घेताय?

सध्या सिमवाल्यांमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर फायटर विमानं उडवणाऱ्यांमध्ये, एक मजकूर जोरात फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेलच. थोडक्यात असं: डॉगफाइट (विमानांची जवळून लढत) टुर्नामेंटचे नियम म्हणजे जुन्या खेळाडूंनी स्वतःला वाचवायला बांधलेली भिंत आहे, हेड-ऑन बंदी (समोरासमोर येताना गोळी न मारण्याचा नियम) काढा, हार्ड डेक (ज्या उंचीखाली गेलं की बाद ती मर्यादा) काढा, पिंगची अट (नेटचा उशीर किती चालेल ती मर्यादा) काढा, विमान ज्याला जे हवं ते घेऊ दे, फ्युएल सगळ्यांना ५० टक्के द्या आणि सोडा मैदानात, कारण खऱ्या लढाईत रेफरी नसतो. वाचायला एकदम भारी वाटतं. मी स्वतः फार मोठा तीर मारणारा पायलट नाही, पण बऱ्याच वेळा पंच म्हणून बसलोय, रात्री दीड वाजता टॅकव्ह्यूचं (लढत पुन्हा बघायचं सॉफ्टवेअर) रेकॉर्डिंग मागेपुढे करत कोण आधी डेकखाली गेला ते शोधलंय, त्यामुळे यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो. आणि त्यातलं काही बरोबर पण आहे, ते आलं की सांगतो.

"खऱ्या लढाईत नियम नसतात"

अहो, खऱ्या लढाईत कोणाला फेअर फाइट हवीच नसते! खरा फायटर पायलट मागून येतो, सूर्याच्या बाजूने येतो, समोरच्याला कळायच्या आत मारतो आणि घरी जातो. मग तसंच करायचं तर मी तुम्हाला टॅक्सी करतानाच उडवतो, चालेल? टुर्नामेंटची तुलना युद्धाशी करायचीच नसते, ती करायची असते सरावाशी. आणि सरावात खऱ्या पायलटांना आपल्यापेक्षा दसपट नियम असतात. अमेरिकन हवाई दलाच्या सरावात दुसऱ्या विमानाभोवती ५०० फुटांचा बबल असतो, त्याच्या आत शिरायचं नाही. खाली साधारण ५,००० फुटांवर 'जमीन' धरतात. समोरासमोर येताना गनचा अटॅक बंद. आणि कोणीही 'नॉक इट ऑफ' म्हटलं की सगळे थांबतात.

अमेरिकन फायटर पायलट जॉन बॉइडची ती ४० सेकंदांची पैज बऱ्याच जणांना माहीत असेल. नेलिस हवाई तळावर तो म्हणायचा, तू माझ्या मागे पोझिशन घे, ४० सेकंदांत मी तुझ्या मागे असेन, नाही जमलं तर पैसे माझ्याकडून. आता ही पैज नीट बघा. सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं, वेळ ठरलेला, जिंकणं म्हणजे काय ते ठरलेलं. एनर्जी मॅन्युव्हरेबिलिटीचं (स्पीड आणि उंचीच्या जोरावर विमान किती वळू शकतं याचं) सगळं गणित पुढे ज्याने मांडलं त्या माणसाला पण स्वतःचं कौशल्य दाखवायला नियम लागले, आणि आपण म्हणतो नियम नकोत.

"हेड-ऑन बंदी म्हणजे भित्र्यांची सोय"

हा त्या मजकुरातला सगळ्यात जास्त लाइक खाणारा मुद्दा आणि सगळ्यात पोकळ पण हाच.

गणित करू. दोघं ४०० नॉट्सने समोरासमोर येतायत, म्हणजे क्लोजर (जवळ येण्याचा वेग) ८०० नॉट्स, सेकंदाला साधारण ४१० मीटर. गन कामाची होते ती किलोमीटरभरापासून, म्हणजे तुमच्याकडे आहेत जेमतेम अडीच सेकंद, आणि त्यातला शेवटचा एक सेकंद धडक चुकवण्यात जातो. एफ-१६ ची गन सेकंदाला १०० गोळ्या टाकते. म्हणजे दोघांनीही पिपर (नेम धरायचा ठिपका) ठेवून ट्रिगर दाबला की आकाशात गोळ्यांची झारी सुटते, कोणाला कुठली लागेल ते नशीब, आणि बऱ्याच वेळा दोघंही जातात. मिग-२९ किंवा सु-२७ असेल तर ३० मिलिमीटरची तोफ, गोळे फक्त १५०, पण एखादाच बसला तरी खेळ खल्लास. यात टर्न नाही, एनर्जी नाही, वन सर्कल घ्यायचं की टू सर्कल (समोरच्याच्या नाकाकडे वळायचं की शेपटीकडे) हा निर्णय नाही, काहीच नाही. छापा-काटा करायचा तर नाणं उडवा, त्यासाठी जॉयस्टिक कशाला पाहिजे.

खरा पायलट हेड-ऑन घेत नाही कारण तो मेला तर मेला. सिममध्ये मेलं की रीस्पॉन! भीती हा जो नियम निसर्गाने लावलेला असतो तो इथे नसतो, म्हणून तो कागदावर लिहावा लागतो. ३-९ लाइन (पंखांच्या टोकांमधून जाणारी रेषा) पार झाल्याशिवाय गोळी नाही, बस.

आणि मजकुरात एआयचं उदाहरण छातीठोकपणे दिलंय, ते तर उलट अंगाशी येतं. ऑगस्ट २०२० मध्ये डार्पा या अमेरिकन लष्करी संशोधन संस्थेच्या अल्फाडॉगफाइट ट्रायल्समध्ये हेरॉन सिस्टम्सच्या एआयने सिम्युलेटरवर एका अनुभवी एफ-१६ पायलटला ५-० हरवलं, हे खरं आहे. पण हरवलं कसं? समोरासमोर येताना अचूक गन मारून! जे त्या पायलटला आयुष्यभर सरावात करायला मनाई होती नेमकं तेच. वर एआयला समोरच्याची पोझिशन, स्पीड सगळं नेमक्या आकड्यांत मिळत होतं, पायलट बिचारा व्हीआर हेडसेट घालून मान फिरवून शोधत होता. त्यामुळे तो निकाल बघून 'नियम काढले की खरं कौशल्य दिसतं' म्हणणं म्हणजे कमाल आहे. नियम काढले की काय दिसतं, तर कोणाचा नेम मिलिसेकंदात बसतो ते दिसतं.

"फ्युएल सगळ्यांना ५० टक्के, हीच खरी समानता"

इथे जरा थांबतो कारण हे बऱ्याच टुर्नामेंटवाल्यांना पण पटलेलं असतं, आणि ऐकायला इतकं सरळ आहे की कोणी कॅल्क्युलेटर काढतच नाही.

५० टक्के कशाचे? टाकीचे. आणि टाकी प्रत्येकाची वेगळी. एफ-१६ मध्ये आत साधारण ३,२०० किलो फ्युएल मावतं, अर्धं म्हणजे १,६०० किलो. सु-२७ मध्ये मावतं ९,४०० किलो, अर्धं म्हणजे ४,७०० किलो. विमान मोठं आहे मान्य, रिकामं वजनही जवळपास दुप्पट आहे, तरी बघा, एफ-१६ आपल्या रिकाम्या वजनाच्या अठरा-एकोणीस टक्के ओझं घेऊन निघतं आणि सु-२७ अठ्ठावीस-एकोणतीस टक्के. त्याच जी ला (वळताना येणारा, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला भार) जड विमानाच्या पंखांना जास्त लिफ्ट काढावी लागते, जास्त लिफ्ट म्हणजे जास्त ड्रॅग, म्हणजे स्पीड गळतो, म्हणजे रेट फाइटमध्ये (कोण चक्कर लवकर पूर्ण करतो अशा लढतीत) तिसऱ्या-चौथ्या चकरेपर्यंत समोरच्याचं नाक हळूहळू तुमच्या शेपटीकडे यायला लागतं. मुळात सु-२७ ची ती पूर्ण टाकी लांब पल्ल्यासाठी आहे, त्याचा नॉर्मल लोडच ५,२७० किलोचा धरतात, वरचं सगळं म्हणजे पोटात ड्रॉप टँक घेऊन फिरण्यासारखं. त्या आकड्याचा टक्का काढून समानता म्हणायचं?

मग किलो सारखे द्यायचे का, तर ते पण नाही, दोन इंजिनवाला पिणार जास्त. माझ्या मते एकच बरं मोजमाप आहे, ते म्हणजे मिनिटं. फुल आफ्टरबर्नरवर किती मिनिटं टिकेल तेवढं फ्युएल. खालच्या उंचीवर एफ-१६ मिनिटाला ढोबळ ४०० किलो पितं, सु-२७ ची दोन इंजिनं मिळून ८०० च्या आसपास. म्हणजे ५० टक्क्यांत एकाला चार मिनिटं आणि दुसऱ्याला जवळपास सहा. दोघांना चार-चार मिनिटं द्यायची तर सु-२७ ला ३५ टक्क्यांच्या आसपास पुरतं, आणि तेवढ्याने ते विमान एकदम वेगळं उडायला लागतं. करून बघा एकदा, विश्वास नाही बसणार. नेमका आकडा प्रत्येक विमानासाठी त्याच गेममध्ये, त्याच उंचीवर, स्टॉपवॉच लावून काढायचा, एका संध्याकाळचं काम आहे. (डीसीएस या सिममध्ये अनलिमिटेड फ्युएल लावून सोडतात काही जण, त्याने वजन सुरुवातीच्या आकड्यावर गोठतं, मग जो जड सुरू झाला तो शेवटपर्यंत जडच.)

यावर लगेच उत्तर येतं की मग सगळ्यांना सेम विमान द्या, विषय संपला. विषय संपत नाही हो. सेम विमान म्हणजे कोणाचं विमान? ज्याने त्याच एफ/ए-१८ हॉर्नेटमध्ये हजार तास घातलेत त्याचं. डीसीएसमध्ये तर बहुतेक विमानं वेगवेगळी विकत घ्यावी लागतात, ज्याच्याकडे ते मॉड्युलच नाही तो दारातूनच परत. त्यापेक्षा बुद्धिबळात पांढरी-काळी बदलतात तसं करावं, दोन लढती, दुसऱ्या लढतीत विमानं अदलाबदल आणि सुरुवातीची दिशा पण अदलाबदल, कारण मर्जला (दोघं पहिल्यांदा एकमेकांजवळून जातात तेव्हा) सूर्य कोणाच्या पाठीशी आहे याने केवढा फरक पडतो ते ज्याच्या डोळ्यावर आलाय त्याला विचारा.

"हार्ड डेक म्हणजे खोटी जमीन"

हो, खोटीच आहे. पण खऱ्या जमिनीवर सोडलं तर जिंकतो कोण, तर ज्याला तो मॅप पाठ आहे. दरीत घुसायचं, टेकडीच्या आड पलटी मारायची, मागचा आपटला की आपली किल. मजा येते, नाही म्हणत नाही, पण ते डॉगफाइटचं कौशल्य राहत नाही. उंची म्हणजे बँकेतले पैसे, खाली डाइव्ह मारून स्पीड विकत घेता येतो, आणि डेकमुळे दोघांना माहीत असतं की खातं कुठे रिकामं होतं.

पण इथे त्या मजकुरातली एक तक्रार शंभर टक्के खरी आहे. नियम लिहितात ५,००० फूट, आणि मिग किंवा सुखोईवाल्याच्या हडवर (समोरच्या काचेवरच्या डिस्प्लेवर) आकडा दिसतो मीटरमध्ये! ५,००० फूट म्हणजे १,५२४ मीटर. आठ जी मध्ये नजर काळी पडतीये आणि त्या माणसाने १,५२४ लक्षात ठेवायचं, समोरच्याला मात्र गुळगुळीत गोल आकडा. सरळ १,५०० मीटर करा ना, म्हणजे ४,९२० फूट, आता एफ-१६ वाल्याला जरा त्रास होऊ दे. शिवाय अर्ध्या सेकंदासाठी वीस फूट खाली गेला म्हणून लढत काढून घेणं मला कधीच पटलं नाही, सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग आणि खेळाडूच्या मशीनवरचं रेकॉर्डिंग तंतोतंत जुळत नाही हे पंचाला पण माहीत असतं. पहिल्यांदा वॉर्निंग, दुसऱ्यांदा बाद, इतकं तरी हवं.

"पिंगची अट म्हणजे लांबच्या लोकांवर अन्याय"

अर्धं खरं. अट हवी, पण चुकीच्या गोष्टीवर लावलीये.

४५० नॉट्सचं विमान २०० मिलिसेकंदांत साधारण ४६ मीटर पुढे जातं, म्हणजे एफ-१६ च्या तीन लांब्या. ऐकून घाबरायला होतं. पण गेम काही जुन्या जागेवर विमान दाखवत बसत नाही, स्पीड आणि दिशा बघून पुढची जागा अंदाजाने काढतो. चूक होते ती फक्त त्या वेळात त्याने जे वळण घेतलं तेवढीच. आठ जी चं वळण धरलं तर २०० मिलिसेकंदांत ही चूक येते दीड मीटरच्या आसपास. चालून जातं. पण मध्येच पॅकेट अडकलं आणि अपडेट अर्ध्या सेकंदाने आलं तर तीच चूक जवळजवळ दहा मीटर होते, एफ-१६ च्या पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत. म्हणजे तुम्ही बरोबर लीड घेऊन (विमानाच्या थोडं पुढे नेम धरून) मारलं, आणि विमान टुणकन उडी मारून बाजूला.

म्हणून स्थिर २०० वाला लांबचा खेळाडू परवडला, पण ६० आणि ४०० च्या मध्ये नाचणारा शेजारचा नको. अट पिंगच्या आकड्यावर नको, त्याच्या नाचण्यावर हवी. पण म्हणून अटच काढा? ज्याने हे भोगलंय तो असं म्हणणार नाही.

बाकीचं किरकोळ

व्हीआरवाल्यांचा वेगळा गट करा म्हणतात, कशाला? ट्रॅकआयआरवाला (मान हलली की स्क्रीनवरचं दृश्य वळवणारं यंत्र वापरणारा) मान थोडीशी वळवून पूर्ण मागे बघतो, व्हीआरवाल्याची मान खरोखर मोडते पण त्याला क्लोजर आणि अंतर चांगलं कळतं. फिट्टंफाट.

हॉर्नेटचा पॅडल स्विच, म्हणजे ७.५ जी ची मर्यादा ओलांडून १० पर्यंत ओढायला देणारा. 'खऱ्या विमानात आहे, मग बंदी का?' कारण खऱ्या विमानात तो जिवावर बेतल्यावर वापरायचा असतो आणि नंतर मेकॅनिक पूर्ण विमान तपासत बसतात, इथे तीन मिनिटांनी विमानच गायब होतं. दोघंही हॉर्नेटमध्ये असतील तर खुशाल वापरा, समोर दुसरं काही असेल तर नको. टॅकव्ह्यूमध्ये जी चा आकडा दिसतो, लपत नाही.

"नियम जुन्यांनी नव्यांना रोखायला केलेत"

जुन्यांनी केलेत हे खरं, नव्यांना अजून नियमात काय कमी आहे ते कळायचं असतं. आणि काही आयोजक आदल्या रात्री नियम बदलतात, मध्येच गेमचा पॅच येऊन फ्लाइट मॉडेल बदललं तरी तसंच पुढे रेटतात, याला माझा कडक विरोध आहे, तिथे ओरडा, मी तुमच्या मागे उभा.

पण नियम काढले की नव्यांना संधी मिळते हे मात्र आम्ही करून बघितलंय. एका संध्याकाळी हट्टाने एकही नियम नको म्हणून खेळलो. निम्म्या लढती पहिल्या मर्जलाच संपल्या, त्यातल्या बऱ्याच दोघंही मरून. नवी पोरं पहिल्या तासात खूश होती, दुसऱ्या तासात विचारायला लागली की वळायचं कधी. आणि शेवटी जिंकला कोण, तर आमच्यातला सगळ्यात जुना खेळाडू, कारण मर्जच्या नेमक्या कुठल्या क्षणी नाक खाली टाकून गोळ्यांखालून निसटायचं हे त्या खोलीत एकट्या त्यालाच माहीत होतं.